ढगाळ देशांतील वामनवृक्ष

उथळ कुंडींत लावून, वर्षानुवर्षें छाटून आणि तारेनें वळवून ज्याला लहान आकारांतच जुन्या वृक्षाचें रूप आणलें आहे, अशा झाडास जपानी लोक ‘बोन्साय’ म्हणतात व आपण त्याला वामनवृक्ष म्हणतों. ही कला मूळची चीन देशाची. तेथें तिला पेंजिंग असें नांव आहे. जपान्यांनीं ती उचलली, तिला शिस्त लावली आणि जगापुढें मांडली. लंडन शहरीं १९१० सालीं जें जपान-ब्रिटिश प्रदर्शन भरलें, त्यांत हीं बुटकीं झाडें इंग्रज प्रेक्षकांना पाहावयास मिळालीं. आज ब्रिटनमध्यें या कलेचे भोक्ते गांवोगांवीं आहेत. त्या थंड व ढगाळ देशांत कुंडीसाठीं कोणतें झाड निवडावें, हा आजच्या भाषणाचा विषय.

वामनवृक्ष ही झाडांची एखादी निराळी, जन्मतःच खुजी जात असते असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. ज्याला लांकडी खोड येतें आणि छाटल्यावर ज्याच्या फांद्या पुन्हां फुटतात, असें जवळजवळ कोणतेंही झाड या रीतीनें वाढवितां येतें. वड, उंबर, चिंच, बोगनवेल यांचे वामनवृक्ष पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर आपण पाहतोंच. कुंडींतलें झाड व रानांतलें झाड यांच्या बीजांत कांहीं फरक नसतो. फरक असतो तो मुळांना मिळणाऱ्या जागेचा आणि माळ्याच्या कात्रीचा. यावरून एक गोष्ट उघड होते. कुंडींत लावल्यानें झाडाचा आकार बदलतो, पण स्वभाव बदलत नाहीं. ज्या हवेंत त्याच्या पूर्वजांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, तीच हवा त्याला लागते. आणि ती हवा कात्रीनें किंवा तारेनें देतां येत नाहीं.

विद्येसाठीं वा नोकरीसाठीं जाऊन इंग्लंड-स्कॉटलंडांत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. घरामागें लहानसें अंगण असतें, झाडांची हौस असते, आणि एखाद्या वाढदिवसाला कोणी स्नेही बोन्साय भेट देतो. किंवा चित्रांत पाहिलेला जपानी काळा पाईन मोठी किंमत मोजून हौसेनें आणला जातो. एक हिवाळा जातो, दुसरा जातो, आणि झाड वाळतें. मग “आमच्या हाताला झाड लागत नाहीं” असें म्हणून ती सुंदर निळी कुंडी अडगळींत जाते. माझ्या मतें अशा बहुतेक ठिकाणीं हाताला बोल लावण्याचें कांहीं कारण नसतें. चूक दुकानांतच झालेली असते. झेंडूचें रोप मेलें तर पुढल्या वर्षीं दुसरें लावतां येतें. येथें मात्र चुकीच्या निवडीचा पत्ता लागेपर्यंत आयुष्याचीं आठ-दहा वर्षें खर्ची पडलेलीं असतात, आणि तीं कोणत्याही रोपवाटिकेंत विकत मिळत नाहींत.

प्रथम त्या हवेचा विचार करूं. उदाहरणासाठीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर घ्या. तें ५६ अक्षांशाच्या आंतबाहेर वसलें आहे. तेथें वर्षभरांत सूर्यप्रकाशाचे सुमारें १,२५० तास मिळतात. टोकियोस १,९०० च्या वर मिळतात. डिसेंबर महिन्यांत तर ग्लासगोला सगळे मिळून चाळीस तासांच्या आंतबाहेरच ऊन पडतें, आणि जपानच्या राजधानींत त्याच सुमारास आकाश निरभ्र असून महिन्याला दीडशेंहून अधिक तास ऊन असतें. ऑगस्टांत टोकियोचें दुपारचें तपमान सरासरीनें ३१ अंशांवर जातें. ग्लासगोचा जुलै १९-२० अंशांवर संपतो. पावसाचा आंकडा मात्र ऐकून आश्चर्य वाटेल. टोकियोचा वार्षिक पाऊस ग्लासगोपेक्षां अधिक आहे! पण तो बव्हंशीं उन्हाळ्यांत व शरदांत पडतो, पडून मोकळा होतो आणि हिवाळा कोरडा सोडतो. स्कॉटलंडचा पाऊस बारमाही व रेंगाळणारा आहे. झाडें निजलेलीं असतांना, मुळें पाणी ओढीत नसतांना, तो कुंडींत साचत राहतो.

महाबळेश्वरीं आषाढ-श्रावणांत ज्यांनीं मुक्काम केला आहे त्यांना या हवेची थोडीशी कल्पना येईल. कपडे वाळत नाहींत, भिंतीवर बुरशी चढते, दुपार आहे कीं संध्याकाळ हें कळत नाहीं. परंतु आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास आभाळ फाटतें आणि नंतर आठ महिने ऊनच ऊन. तिकडे दसऱ्यानंतर काळोख वाढूं लागतो आणि डिसेंबराचा दिवस अवघा सात तासांचा उरतो. एक भरपाई मात्र आहे. जूनमध्यें तेथें साडेसतरा तास सूर्य क्षितिजावर असतो. ढगांतून का होईना, पण इतका दीर्घ प्रकाश टोकियोस कधींच मिळत नाहीं.

आतां या हवेंत झाडाचा संसार कसा चालतो तें पाहूं. पान हें झाडाचें कमावतें माणूस. प्रकाशाच्या बळावर तें हवा व पाणी यांपासून साखर तयार करतें. ही साखर रोजच्या श्वासोच्छ्वासांत खर्च होते, आणि जी उरते ती खोडांत व मुळांत सांठून पुढल्या वसंतांतील पालवीस उपयोगी पडते. भर उन्हाच्या मानानें दाट ढगांखालीं प्रकाश दहाव्या हिश्श्यावर, कधीं त्याच्याही खालीं येतो. म्हणजे मिळकत घटली. वामनवृक्षाची तिजोरी आधींच लहान. आणि माळी जी जी करामत करतो, म्हणजे कोंब खुडतो, पानें काढतो, मुळें कापतो, ती प्रत्येक या तिजोरींतून खर्च घालते. ज्या झाडाचें सौंदर्य वर्षांतून दोन वेळां असा खर्च केल्यावांचून दिसतच नाहीं, तें झाड ढगाळ देशांत दरवर्षीं थोडें थोडें कर्जबाजारी होत जातें आणि एके दिवशीं त्याचें दिवाळें वाजतें.

पण येथें एक बारकावा आहे, आणि तो ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ पुस्तकांतील याद्या निरुपयोगी झाल्या आहेत. हवा ढगाळ असण्याबरोबर थंडही असणें हें सर्वच झाडांना दुप्पट संकट नव्हे. श्वासोच्छ्वासाचा वेग तपमानाबरोबर वाढतो. उष्ण रात्रीं झाड दिवसाची कमाई जाळून टाकतें. थंड रात्रीं ती शिल्लक राहते. म्हणून उत्तरेकडचीं झाडें कमी मिळकतींतही सुखानें राहतात, कारण त्यांचा खर्चही तसाच बेताचा असतो. याउलट उष्ण प्रदेशांतल्या झाडाचें सारें यंत्रच १५ अंशांखालीं मंदावतें; त्याच्या बाबतींत मिळकतही जाते आणि काम करण्याची शक्तीही जाते. तेव्हां झाडाला किती प्रकाश लागतो एवढेंच विचारून भागत नाहीं. त्याला किती उबेचा उन्हाळा लागतो, हा प्रश्न त्याच्याहून महत्त्वाचा आहे.

या कसोटीवर जपानचा सुप्रसिद्ध काळा पाईन लावून पाहा. हा चिडाच्या कुळांतला वृक्ष जपानच्या समुद्रकांठचा आहे. दमट, कडक उन्हाळ्यांत तो फोफावतो. त्याचीं सुईसारखीं पानें स्वभावतः लांब व राठ. लहान झाडावर तीं विशोभित दिसतात. यावर जपानी माळ्यांनीं एक युक्ति काढली. वसंतांत आलेले मेणबत्तीसारखे उभे कोंब ते जूनच्या किंवा जुलैच्या आरंभाच्या सुमारास मुळापासून कापून टाकतात. झाड चवताळून दुसऱ्यांदां फुटतें. हे दुसरे कोंब आंखूड राहतात व त्यांचीं पानेंही आंखूड येतात. युक्ति मोठी नामी आहे, परंतु तिच्यामागें शंभरएक दिवसांचा तापलेला उन्हाळा गृहीत धरलेला आहे. ग्लासगोस किंवा एडिंबरोस जूनमध्यें कोंब कापले तर दुसरी फूट पक्की होण्यापूर्वींच सप्टेंबरची थंडी येते. कोंवळे कोंब हिवाळ्यांत मरतात. दक्षिण इंग्लंडांत निरोगी, भरदार झाडावर, तेंही दरवर्षीं नव्हे, ही क्रिया करणारे कुशल लोक आहेत. त्यांचा मी आदर करतों, पण नवशिक्यानें त्या वाटेस जाऊं नये. कापलें नाहीं तर झाड जगतें खरें, पण पानें लांबच राहतात, आणि ज्या रूपासाठीं तें आणलें तें रूप कधीं येत नाहीं.

आणि गंमत अशी कीं, ज्याच्यासाठीं एवढा अट्टाहास करावयाचा त्याचा सख्खा भाऊ स्कॉटलंडच्या डोंगरांत आपोआप उगवतो. स्कॉट्स पाईन हा ब्रिटनच्या तीन मूळ सूचिपर्णी वृक्षांपैकीं एक. दुसरे दोन म्हणजे यू व ज्युनिपर. स्पेनपासून थेट सायबेरियापर्यंत याचा विस्तार आहे, आणि स्कॉटलंडांतील जुन्या कॅलेडोनियन अरण्याचे जे तुकडे आज शिल्लक आहेत त्यांचा हा राजा आहे. याचीं पानें मुळांतच आंखूड, निळसर हिरवीं. खोडाच्या वरच्या भागाची साल तांबूस नारिंगी होते आणि पावसानें भिजली म्हणजे अधिकच खुलते. जुन्या फांदीवरही याला नवे डोळे फुटतात, हा त्याचा मोठा गुण. कारण फांद्या दाट करण्यासाठीं दुसऱ्या बहराची जबरदस्ती करावी लागत नाहीं. वसंतांत जे कोंब फार दांडगे असतील तेवढे निम्म्यावर खुडावे, उन्हाळ्याच्या अखेरीस हलकी छाटणी करावी, आणि खत देण्यांत कंजूषपणा करूं नये. एवढ्यावर तें झाड वीस वर्षांत असें रूप धरतें कीं, काळ्या पाईनची आठवण होऊं नये. मात्र त्याला मोकळी जागा पाहिजे. भिंतीच्या सावलींत तें रडत राहतें.

जपानी पाईनच हवा असा कोणाचा आग्रह असेल तर त्यानें पांढरा, म्हणजे पांच सुयांचा पाईन घ्यावा. तो डोंगरांतला रहिवासी आहे, त्याचीं पानें आंखूड असतात, आणि दुसऱ्या फुटीची त्याला गरज नाहीं. ओल्या पायांचा त्याला तिटकारा आहे, तेवढें मात्र सांभाळावें लागतें. एकाच देशाच्या या दोन पाईनांची अशी निराळी कथा असावी यावरून ‘जपानी झाड’ हा शब्द निवडीच्या कामीं किती निरर्थक आहे, हें दिसून येईल.

परंतु थंड ढगाळ देशाचें खरें लेणें म्हणजे लार्च. हा सूचिपर्णी असून हिवाळ्यांत पानें गाळतो. मार्चच्या अखेरीस त्याच्या काळपट काड्यांवर हिरव्या ठिपक्यांसारखे अंकुर दिसूं लागतात आणि आठवडाभरांत सारें झाड पोपटी होतें; ऑक्टोबरांत तें सोन्यासारखें पिवळें होऊन पुन्हां उघडें पडतें. वामनवृक्षास जें जें पाहिजे तें याच्यापाशीं आहे. मुळें बारीक व दाट, साल लौकर जुनाट दिसणारी, फांद्या तारेनें सहज वळणाऱ्या, छाटल्यावर भरपूर फूट. पांच-सात रोपें एका उथळ तबकांत लावलीं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीं वनराजीचा भास होतो. कुंडी बदलावयाची ती अंकुर नुकते हिरवे दिसूं लागतील त्याच आठवड्यांत. त्यापुढें उशीर झाला तर मुळें रागावतात. आणि ही एक अशी दौलत आहे कीं, पुण्या-मुंबईचा माणूस कितीही खर्च करो, त्याला ती लाभणार नाहीं. हिवाळ्याच्या खऱ्या झोपेवांचून लार्च जगत नाहीं.

तो ब्रिटनचा मूळ रहिवासी नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. युरोपीय लार्च तेथें सतराव्या शतकांत आला. पर्थशायरांतील डंकेल्ड येथें १७३८ सालीं लावलेल्या लार्चांपैकीं एक अजून उभा आहे, आणि अथोलच्या सरदार घराण्यानें पुढें त्या भागांत लार्चांचीं वनेंच्या वनें उठविलीं. तेथेंच पुढें जपानी व युरोपीय लार्चांचा संकर होऊन एक दणकट जात निपजली; ती आज रोपवाटिकांत स्वस्तांत मिळते व नवशिक्यांस फार चांगली. रोपवाटिकेंतूनच घ्यावी असें मी मुद्दाम सांगतों. २००९ सालीं नैर्ऋत्य इंग्लंडांतील जपानी लार्चांवर फायटॉफ्थोरा जातीचा एक घातक रोग आढळला, आणि तेव्हांपासून त्याच्यापायीं लार्चांचीं मोठमोठीं वनें तोडावीं लागलीं आहेत. रोगट रानांतून उपटून आणलेलें एक रोप सगळ्या आळीच्या बागांना भोंवूं शकतें.

रुंद पानांच्या झाडांत पहिला मान हॉथॉर्नला द्यावा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत शेतजमिनींना बांध घालण्याचे कायदे झाले तेव्हां कोसच्या कोस कुंपणें या कांटेरी झाडाचीं लावलीं गेलीं. त्या कुंपणांतील झाडें शतकभर कापलीं गेल्यानें बुंध्याशीं जाड व वर ठेंगणीं झालेलीं असतात. म्हणजे निम्मा वामनवृक्ष शेतकऱ्यानें आधींच करून ठेवलेला असतो. एखादें जुनें कुंपण काढलें जात असेल तर मालकास विचारून असा बुंधा मिळवावा. पानें लहान, मे महिन्यांत पांढरीं फुलें, शरदांत तांबडीं फळें. फांद्यांची बारीक जाळी होण्यास मात्र फार वेळ लागतो, आणि दमट हवेंत पानांवर भुरी येते. ज्याच्याजवळ धीर नाहीं त्यानें हॉर्नबीम घ्यावा. त्याचीं पानें चुण्यांच्या पदरासारखीं असतात, खोड स्नायूंसारखें पिळदार होतें, चिकणमाती व अर्धवट सावली तो मुकाट्यानें सोसतो आणि छाटणीला लगेच उत्तर देतो. बीच हा त्याच्यापेक्षां देखणा, पण वर्षांतून बहुधा एकदांच फुटतो. एक चूक झाली कीं वर्षभर थांबावें लागतें. हिवाळाभर वाळकीं तपकिरी पानें अंगावर धरून ठेवण्याची त्याची खोड कोणाला आवडते, कोणाला नाहीं. मला आवडते.

जपानी मेपल या हवेंत चांगला रमतो, आणि याचें कारण ढगच होत. त्याचीं नाजूक पानें कडक उन्हांत कडेनें करपतात. ब्रिटनच्या मवाळ प्रकाशांत तीं सप्टेंबरपर्यंत ताजीं राहतात. वाऱ्याचा आडोसा तेवढा द्यावा. शरदांतला तांबडा रंग मात्र जपानच्या चित्रांतल्यासारखा दरवर्षीं येईल अशी अपेक्षा ठेवूं नये, कारण त्या रंगाला थंड रात्रींबरोबर स्वच्छ उन्हाचे दिवस लागतात. तीन टोंकांच्या पानांचा ट्रायडेंट मेपल अधिक ऊब मागतो, आणि त्याचीं मांसल मुळें कडाक्याच्या थंडींत गोठून फुटतात. दक्षिण इंग्लंडांत तो चालेल. उत्तरेंत हिवाळ्यापुरतें त्याला छपराखालीं घ्यावें लागेल.

‘चायनीज एल्म’ म्हणून जें झाड दुकानांत घरांत ठेवण्याचें म्हणून विकतात, त्याविषयीं दोन शब्द. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डच एल्म रोगाची जी भयंकर सांथ आली तिनें ब्रिटनचे अडीच कोटींहून अधिक एल्म वृक्ष नाहींसे केले. चिनी एल्म त्या रोगाला बऱ्याच अंशीं दाद देत नाहीं. पानें बारीक, फूट जोमदार, चुका क्षमा करणारा स्वभाव. शिकणाऱ्यास याच्यासारखें दुसरें झाड नाहीं. पण तो घरांतला कैदी होऊन खंगतो. बाहेर ठेवला तर हिवाळ्यांत पानें गाळील, घरचीं माणसें घाबरतील. घाबरूं नये, एप्रिलांत पालवी येते. ज्युनिपरची कथा याहून करुण आहे. भेट म्हणून आलेला ज्युनिपर लोक दिवाणखान्यांतील टेबलावर ठेवतात. तो मेल्यावरही महिना दोन महिने हिरवाच दिसतो, त्यामुळें केव्हां मेला हेंही कळत नाहीं. या झाडांना हिवाळा हवा असतो. त्यांना उबेंत घेणें म्हणजे माणसाला झोंप न देणें होय.

पुष्कळांच्या वांट्याला उत्तराभिमुख, उंच भिंतींमधलें अंगण येतें. तेथें पाईन किंवा लार्च लावण्यांत अर्थ नाहीं. अशा जागेसाठीं यू आहे. हिमालयांत याच्या भावाला थुनेर म्हणतात. सावली सहन करण्यांत सूचिपर्णी झाडांत याची बरोबरी करणारे थोडे. अगदीं जुन्या, उघड्या लांकडावरही याला फूट येते. इंग्लंडच्या चर्चांच्या आवारांत याचे शेंकडों वर्षांचे पोकळ बुंधे दिसतात. त्यांवरून वामनवृक्षाला कोणतें रूप द्यावें याचा धडा फुकट मिळतो. पाणी साचलेली कुंडी मात्र त्याला खपत नाहीं. आणि दुसरी गोष्ट विसरतां कामा नये. फळावरील तांबडा गर सोडला तर या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, बी सुद्धां. रांगतें मूल किंवा पाळीव जनावर घरीं असेल तर कुंडी त्यांच्या वाटेबाहेर ठेवावी.

फुलांची हौस असणारांस जपानची सात्सुकी अझेलिया मोह घालते. हिला आम्ल माती व मऊ पाणी लागतें, आणि येथें एकाच देशांतल्या दोन शहरांत फरक पडतो. लंडनचें पाणी चुनखडीच्या थरांतून आलेलें, जड. तें नळानें घालीत राहिलें तर कांहीं महिन्यांत पानें पिवळीं पडतात. ग्लासगोला १८५९ सालापासून कॅट्रिन सरोवराचें पाणी मिळतें आणि तें अतिशय मऊ आहे. लंडनकरांनीं पावसाचें पाणी पिंपांत सांठवावें. फुलें मे-जूनमध्यें येतात व पावसाच्या माऱ्यानें लोळतात; तेवढ्या पंधरवड्यापुरती कुंडी पागोळीच्या आंत घ्यावी.

निवड बरोबर झाली तरी मातीकडे दुर्लक्ष केलें तर ती वायां जाते. जपानांतून येणारी ‘अकादामा’ ही दाणेदार माती तेथील कोरड्या हिवाळ्यांत चांगली टिकते. ब्रिटनच्या ओल्या हिवाळ्यांत ती गोठते, वितळते, पुन्हां गोठते, आणि दोन-तीन वर्षांत तिचा चिखल होतो. तिच्यांत प्यूमिस दगडाचे किंवा खडीचे बारीक दाणे चाळून मिसळावे, आणि दाणे आपल्या पुस्तकांत सांगितल्यापेक्षां थोडे जाडच घ्यावे. पावसाची झड लागली कीं कुंडीच्या एका बाजूखालीं लांकडाचा तुकडा सारून ती कलती करावी. सांचलेलें पाणी निथळून जातें. या एका तुकड्यानें जितकीं झाडें वांचलीं तितकीं कोणत्याही औषधानें वांचलीं नसतील.

रानांतून झाड आणण्याविषयीं वर ओझरता उल्लेख केला. ब्रिटनमध्यें १९८१ च्या वन्यजीव व ग्रामप्रदेश कायद्यानें जमिनीच्या मालकाच्या परवानगीवांचून कोणतीही रानटी वनस्पति मुळासकट उपटणें हा गुन्हा आहे. डोंगर मोकळा दिसतो म्हणून तो बेवारस नसतो. त्यांतून स्कॉटलंडांतील रानटी ज्युनिपर रोगानें आधींच गांजलेला आहे. त्याला तर हातच लावूं नये.

कोणी म्हणेल, आतां पृथ्वी तापत चालली आहे. मग ही सारी थंडीची भाषा कशाला? १९ जुलै २०२२ रोजीं लिंकनशायरांतील कॉनिंग्जबी येथें ४०.३ अंश उष्णतेची नोंद झाली, हें खरें आहे. अशा लाटेंत उथळ कुंडी दोन तासांत सुकते, आणि लार्चसारख्या झाडाला सावलींत नेऊन दिवसांतून दोन-तीनदां पाणी द्यावें लागतें. परंतु डिसेंबराचा सात तासांचा दिवस लांबलेला नाहीं आणि लांबणारही नाहीं. तो अक्षांशाचा हिशेब आहे. एका लाटेनें ग्लासगोचें ओसाका होत नाहीं.

आतां शेवटीं वडाकडे येतों, कारण हा प्रश्न मराठी घरांतून हटकून विचारला जातो. आपल्या दारचा वड किंवा पिंपळ तिकडे लावतां येईल काय? मायदेशाहून रोप नेण्यास रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो व तो सोपस्कार थोडा नाहीं. पण तें असो. बाहेर अंगणांत तो पहिल्याच गोठणाऱ्या रात्रीं मरेल. घरांत खिडकीशीं ठेवला तर जगेल, परंतु त्याचीं पानें तळहाताएवढीं राहतील. तीं लहान करण्यासाठीं सगळीं पानें काढून टाकण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती तेथील मिणमिणत्या प्रकाशांत करणें म्हणजे उपाशी माणसाकडून उपास करविणें. वडाच्याच कुळांतला, पण लहान पानांचा नांद्रुक घ्यावा. आपल्याकडे जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा याचीं झाडें दिसतात. आणि लंडनच्या किंवा मँचेस्टरच्या दुकानांत जाड मुळांचा ‘फायकस बोन्साय’ म्हणून जो विकावयास ठेवलेला असतो तो बहुतेक हाच. दक्षिणेकडील खिडकीच्या अगदीं कांचेशीं त्याला जागा द्यावी; चार हात आंत सरकविला तरी प्रकाश कितीतरी पटींनीं कमी होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बेतानें, खत बंद, आणि कात्री पेटींत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत, रात्रीं १२ अंशांखालीं जाईनाशा झाल्या म्हणजे, त्याला अंगणांत काढावा, आठवडाभर सावलींत ठेवून मग उन्हांत न्यावा, आणि छाटावयाचें तें त्याच वेळीं छाटून घ्यावें. सप्टेंबराच्या मध्याला तो पुन्हां खिडकीशीं आणावा.